पाण्याचा हलका हात

“दोन दिवस रजा टाका, मास्तर,” सचिव म्हणाले आणि टेबलावरचा पेपरवेट गोल फिरवत बसले.

मास्तर दाराशी अनवाणी उभे होते. बुटांना ओली माती होती आणि सचिवांच्या खोलीत नवा गालिचा आला होता, म्हणून बूट त्यांनी बाहेरच काढले होते.

“रजा? परवा सामना आणि आज रजा? साहेब, लग्नघर मांडून मुलीच्या बापालाच बाहेरगावी धाडण्यातला प्रकार झाला हा.”

सचिव हसले नाहीत. उठून त्यांनी दार लावून घेतलं.

“काल रात्रीच्या बातम्या बघितल्या नाहीत का?”

मास्तरांनी बघितल्या होत्या. क्रिकेटच्या या मैदानावर ते अठ्ठावीस वर्षं खेळपट्टी तयार करत होते. गवत किती ठेवणार, असं एका कप्तानाने कधीकाळी सहज विचारलं, तेव्हा त्यांनी त्याला भर उन्हात उभं करून अर्धा तास शिकवणी घेतली होती. तेव्हापासून त्यांचं नाव पडलं गवतमास्तर. पुढे गवत गळून गेलं, मास्तर तेवढे राहिले. इतक्या वर्षांत त्यांचा फोटो कुठे छापून आला नव्हता. तो काल टीव्हीवर आला. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : खेळपट्टी कोणाच्या हातात?

परवाचा सामना शेजारच्या देशाशी होता. त्या देशाशी दोन लढाया झाल्या होत्या, तिसरी कधीही होईल असं लोक बोलत. तिथल्या लोकांचा जो धर्म, तोच मास्तरांचा. मास्तरांनी तो देश पाहिला नव्हता, त्यांच्या बापाने पाहिला नव्हता, आजोबांनीही नाही. आजोबांची कबर या मैदानापासून चालत वीस मिनिटांवर होती. पण टीव्हीवरच्या माणसाला एवढं सांगायला वेळ नव्हता.

“ठीक आहे,” मास्तर म्हणाले. “लेखी द्या.”

“काय लेखी देऊ?”

“रजेवर जा म्हणून. आणि खाली कारण.”

पेपरवेट थांबला. कारण दोघांनाही ठाऊक होतं. ते कागदावर उतरवायची सचिवांची छाती नव्हती.

“तुमच्या भल्याचं सांगतोय, मास्तर.”

“माझं भलं मी बघतो, साहेब. खेळपट्टीचं मात्र अजून दोन दिवसांचं काम बाकी आहे. बाहेरून माणूस आणाल, तो या मातीला ओळखत नाही.”

सचिवांनी पेपरवेट फायलींवर ठेवला. मग म्हणाले, “राहा मग. पण तुमच्याजवळ पोलीस बसेल. माझा नाइलाज आहे.”

“बसू दे की. ऊन फार आहे, टोपी घेऊन ये म्हणावं.”

बाहेर येऊन बूट चढवताना मात्र मास्तरांना नाडी बांधता येईना. दोनदा गाठ सुटली.

मैदानात रोलरपाशी ढकल्या उभा होता. पूर्वी रोलर हाताने ढकलावा लागे. सहा माणसं लागत आणि त्या सहांना हाकारणारा हा. आता रोलरला इंजिन होतं, तो नुसता वर बसून चालवायचा, तरी नाव ढकल्याच राहिलं. मास्तरांच्या हाताखाली त्याला बावीस वर्षं झाली होती. त्याचा धर्म देशातल्या बहुतेकांचा. दोघांचं त्यावरून कधी बोलणं झालं नव्हतं. बोलायला माती, गवत आणि सचिव एवढे विषय पुरेसे होते.

“काय म्हणत होते?” ढकल्याने विचारलं.

“पाहुणा येतोय म्हणाले.”

पाहुणा तासाभरात आला. पन्नाशीचा हवालदार, हातात प्लास्टिकची खुर्ची. खेळपट्टीपासून पाच पावलांवर त्याने ती मांडली. पहिला तास तो नुसता बघत होता. मग मास्तरांनी झारी भरून आणली तसा उठला.

“यात काय आहे?”

“पाणी.”

“नुसतं?”

“हवालदारसाहेब, एक घोट घेऊन बघा की,” ढकल्या थट्टेने म्हणाला.

हवालदाराला थट्टा कळली नाही, किंवा कळूनही त्याने ती सोडली नाही. “आधी यांनी घ्यावा,” तो म्हणाला.

ढकल्याचं हसू तोंडातच राहिलं. मास्तरांनी झारी तिरकी केली, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्यायले. अठ्ठावीस वर्षं हे पाणी ते मातीला देत होते, स्वतः कधी चाखलं नव्हतं. जरा खारट होतं.

“चालेल?” त्यांनी विचारलं.

“द्या,” हवालदार म्हणाला आणि खुर्चीत जाऊन बसला. त्याने पुन्हा मास्तरांच्या नजरेला नजर दिली नाही.

संध्याकाळी घरी टीव्ही बंद होता. सहा वाजता तो बंद आहे यावरूनच मास्तरांनी काय ते ओळखलं. बायको भाजी निवडत होती. मुलगी औषधाच्या दुकानात कामाला होती, ती लवकर आली होती आणि आतल्या खोलीत पडून होती.

“तिला काय झालं?”

“विचारा तिलाच.”

मुलगी उठून बसली. “काही नाही, बाबा. एक नेहमीचं गिऱ्हाईक आलं होतं. खोकल्याचं औषध घेतलं आणि म्हणालं, काय गं, तुझे वडील परवा कोणाला जिंकवणार? सगळे हसले. मीपण हसले.”

“मग?”

“मग काय. आत गोदामात जाऊन बसले. मालक म्हणाले, दोन दिवस येऊ नकोस.”

बायकोने भाजी बाजूला सारली. “अहो, तुम्हीही घ्या ना रजा. ते आपणहून देतायत. तुमच्यावाचून काय सामना अडणार आहे?”

“अडणार नाही. पण मी घरी बसलो तर लोक काय म्हणतील? याच्या मनात काही होतं म्हणूनच पळाला.”

“आणि गेलात तर?”

मास्तरांनी हातपाय धुतले, प्रार्थना केली आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सामन्याच्या आदल्या सकाळी, कप्तान एकटाच मैदानात आला. सगळ्या देशाचा लाडका कप्तान, पण मूळचा याच गावचा. शाळेत असताना सकाळी साडेपाचला येऊन फाटकाशी उभा राहायचा तो. मास्तरांनी त्याला सरावासाठी कोपऱ्यातली एक पट्टी काढून दिली होती. चारचौघांत मास्तर त्याला कप्तानसाहेब म्हणत, एकांतात अरेतुरे करत. आज हवालदार होता, पण तो फाटकाकडे चहावाल्याशी बोलत उभा होता.

कप्तान खेळपट्टीशी उकिडवा बसला. “मास्तर, आता पाणी देऊ नका.”

“एक हात द्यायचाय. हलकाच. मघा झारी भरून ठेवलीय.”

“तोही नको. कोरडी हवी. आमचे तीन फिरकीवाले आहेत, चेंडू वळला पाहिजे.”

“वळेल की. पण पाणी नाही दिलं तर उद्या दुपारनंतर ही फुटेल. जो दुसऱ्यांदा फलंदाजी करेल, त्याचं वाटोळं.”

“आम्ही आधी फलंदाजी घेऊ.”

“नाणं काय तुझ्या घरचं आहे? हरलास तर?”

मास्तर त्याच्याजवळ बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघ, मी तुझ्याशी वाद घालत नाहीय. तू जिंकावास म्हणून सांगतोय. हलका हात दिला तर नाणं कुणीही जिंकू दे, तुला संधी राहते. नाही दिला तर सगळं नाण्यावर.”

“मला पटतंय, मास्तर.”

“मग?”

“दुसरा कुठलाही सामना असता, तर मी तुमचं ऐकलं असतं.”

“याला काय झालं?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“तू सांग.”

कप्तानाने टोपी काढली, पुन्हा घातली. रोलरवर बसलेल्या ढकल्याकडे त्याची नजर गेली. रोलर बंद होता आणि ढकल्या दहा पावलांवर होता. “उद्या आम्ही हरलो,” कप्तान म्हणाला, “आणि मी तुमच्या सांगण्यावरून पाणी द्यायला लावलं होतं असं बाहेर आलं, तर मला या देशात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

“आणि माझं न ऐकता हरलास तर?”

“तर नुसता हरलो.”

तो उठला. मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाला, पण फाटकापाशी कॅमेरेवाले दिसले तसा हात मागे घेऊन निघून गेला.

मास्तर बसूनच राहिले. त्याच्यावर त्यांना धड रागावताही येत नव्हतं. पोरगा खोटं बोलला नव्हता.

दुपारी उन्हाने कहर केला. चारच्या सुमाराला मातीला केसासारख्या पहिल्या रेघा पडल्या. मास्तर त्यांच्यापाशी उकिडवे बसले. अंगठा रुतवून पाहिला, रुतेना. साडेपाचला हवालदाराला फोन आला म्हणून तो पॅव्हेलियनच्या मागे गेला. ढकल्या लगेच जवळ आला. त्याच्या हातात सकाळची भरलेली झारी होती.

“मास्तर, पाच-सात मिनिटं आहेत. हात मारून टाकू. कोणाला कळतंय? सकाळपर्यंत वरून वाळूनही जाईल.”

मास्तरांनी झारी हातात घेतली. त्यांना या क्षणी दुसरं काहीच नको होतं. एक हलका हात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मोजून चार मिनिटांचं काम. माती ते पाणी कसं पिईल, रंग कसा गडद होईल, सगळं त्यांना दिसत होतं. आपला संघ वाचला असता, निदान त्याला वाव राहिला असता. आणि ते कोणाला कधीच कळलं नसतं.

झारीच्या तोंडातून दोन थेंब बुटावर पडले.

“नको,” मास्तर म्हणाले.

“अहो, चांगल्यासाठीच तर करतोय.”

“कळतंय मला. पण चोरून केलं ना, ढकल्या, तर ते टीव्हीवर म्हणतात तसाच मी झालो. मग काय चांगल्यासाठी आणि काय वाइटासाठी.”

त्यांनी झारी नेऊन कुंपणाच्या जाईच्या मुळाशी रिकामी केली. हवालदार परत आला तेव्हा दोघं दोरी गुंडाळत होते.

सामन्याच्या दिवशी नाणेफेक शेजाऱ्यांनी जिंकली.

मास्तर दोरीपलीकडे, रोलरच्या सावलीत उभे होते. त्यांनी मान खाली घातली. बाजूला उभ्या ढकल्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. सकाळभर शेजारी मजेत खेळले. दुपारी आपला संघ फलंदाजीला आला तेव्हा खेळपट्टी फुटायला लागली होती. चेंडू पडला की धूळ उडे. एक चेंडू हातभर वळे, पुढचा सरपटत जाई. आपले तीन गडी बाद झाले, पाच झाले. कप्तान एकटा उभा राहिला, छान खेळला आणि एका सरपटलेल्या चेंडूने त्याचाही त्रिफळा उडवला. परत जाताना त्याने एकदा खेळपट्टीकडे पाहिलं. रोलरकडे नाही पाहिलं.

सातवा गडी गेला तेव्हा उत्तरेकडच्या गॅलरीतून पहिली आरोळी आली. आधी नुसता गलका वाटला. मग शब्द कळला. गद्दार. दहाजणांचा आवाज शंभराचा झाला, शंभराचा हजाराचा. पाण्याची एक बाटली दोरीशी येऊन पडली, मग दुसरी. हवालदार कधी मास्तरांच्या पुढे येऊन उभा राहिला, ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही. तिसरी बाटली त्याच्या खांद्याला लागली.

“चला आत,” तो म्हणाला. “माझ्या मागे मागे चला, पळू नका. पळालात की संपलं.”

आपला संघ हरला होता आणि सचिवांच्या खोलीतला टीव्ही चालू होता. पत्रकार कप्तानाला खेळपट्टीबद्दल विचारत होते. कप्तानाचे डोळे लाल झाले होते. “खेळपट्टी आमच्या अंदाजापेक्षा लवकर फुटली,” तो म्हणाला. “यापुढे मी काही बोलणार नाही.” सचिवांनी टीव्ही बंद केला आणि टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला.

खेळपट्टीस पाणी न देण्याचा निर्णय सर्वस्वी माझा होता, असं त्यावर लिहिलं होतं. खाली सहीची जागा.

“यात चूक काय आहे?” सचिव म्हणाले. “खेळपट्टी तुमचीच जबाबदारी. बाहेर दोन हजार लोक आहेत, मास्तर. त्यांना रात्रीच्या आत काहीतरी द्यावं लागेल. तुम्हाला मी सांभाळून घेईन, पोलीस घरापर्यंत सोडतील. कप्तानाचं नाव यात आलं, तर देशभर आग लागेल.”

“पाणी बंद करायला त्याने सांगितलं होतं.”

“याला साक्षीदार?”

“ढकल्या होता.”

ढकल्याला बोलावलं. तो आत आला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्याच्या घरात म्हातारी आई, दोन मुली, आणि राहायला जागा मैदानाच्याच चाळीत.

“काल सकाळी कप्तान काय म्हणाले, तू ऐकलंस?” सचिवांनी विचारलं.

बाहेरचा गलका वाढला होता. कुठेतरी काच फुटली.

“मी तिथं नव्हतो, साहेब,” ढकल्या म्हणाला. “मी डिझेल आणायला गेलो होतो.”

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. ढकल्याची बोटं शर्टाच्या खालच्या बटणाशी चाळा करत होती.

“बरोबर आहे,” मास्तर सावकाश म्हणाले. “गेला होता वाटतं. माझ्या लक्षात नाही राहिलं. जा तू.”

ढकल्या गेला. सचिवांनी पेन उघडून दिलं. मास्तरांनी ते घेतलं, कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला लिहायला सुरुवात केली. प्रत्येक सामन्यानंतर लिहीत तसंच : रोलर किती वेळा फिरवला, गवत किती ठेवलं, ऊन किती, माती कशी. शेवटी लिहिलं, सामन्याच्या आदल्या सकाळी एक हलका हात पाणी देणं गरजेचं होतं. मी तसं सांगितलं. देऊ नये असं मला सांगण्यात आलं. म्हणून दिलं नाही. कोणी सांगितलं, ते लिहिलं नाही. खाली सही केली, तारीख घातली.

सचिवांनी वाचलं. “हे कोण वाचणार आहे, मास्तर? त्या गर्दीला वाचून दाखवू?”

“त्यांच्यासाठी नाहीच ते. माझ्यामागून जो येईल त्याला लागेल. ही माती पाण्यावाचून किती तास टिकते, ते त्याला कळायला हवं.”

जाळ्या वाहून नेणाऱ्या टेम्पोत, जाळ्यांच्या ढिगाआड बसवून हवालदाराने त्यांना घरी पोहोचवलं. खिडकीची काच फुटली होती. बायको आणि मुलगी स्वयंपाकघरात, फ्रीजला पाठ टेकून खाली बसल्या होत्या. मास्तरही त्यांच्याशेजारी जाऊन बसले. मुलीने त्यांच्या केसांतला जाळीचा धागा काढला. दारात हवालदार पहाटेपर्यंत उभा राहिला. त्याला इथवर येण्याचा हुकूम होता, थांबण्याचा नव्हता.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. प्रकृतीच्या कारणास्तव आपणास सेवेतून मुक्त करण्यात येत आहे. प्रकृती ठणठणीत होती. मास्तरांनी पत्र मुलीच्या प्रमाणपत्रांच्या फायलीत ठेवून दिलं. मुलीला दुसऱ्या पेठेत काम मिळालं, तिथे कोणी तिचं आडनाव विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. शेजारचे गृहस्थ, जे दर सामन्याला पास मागायला यायचे, ते जिन्यात भेटले की चपलांकडे बघत वर जात. कप्तानाचा फोन आला नाही. मास्तरांनीही वाट पाहिली नाही, निदान बायकोला तरी तसंच सांगितलं.

पाच महिने झाले. मैदानावर दुसऱ्या एका देशाशी सामना ठरला. सामन्याच्या तीन दिवस आधी, दुपारी दोनला, मास्तरांचा फोन वाजला.

“मास्तर, मी.”

आवाज ओळखायला अडचण नव्हती.

“नवे साहेब जेवायला गेलेत,” ढकल्या म्हणाला. “माणूस वाईट नाही. पण दूरचा आहे, आपली माती त्याला कळत नाही. वरून घट्ट दिसतेय, म्हणतो झाली तयार. मला भरवसा वाटत नाहीय. आत ओल राहिलीय असं वाटतं.” तो थांबला. मग त्याचा आवाज बदलला. “मास्तर, त्या दिवशी मी...”

“चेंडू आहे का जवळ?”

“आहे.”

“मधोमध जा. खाली बस. फोन मातीशी धर आणि चेंडू कमरेच्या उंचीवरून सोड. टाकू नकोस, नुसता सोड. आत ओल असेल तर आवाज बोदा येईल.”

बायको स्वयंपाकघरातून बघत होती. तिने नळ बंद केला, मग येऊन पंखाही बंद केला. रस्त्यावर कोणी हॉर्न वाजवत होतं, म्हणून मुलगी उठून खिडकीशी गेली आणि नवी काच हलक्या हाताने ओढून घेतली.

मास्तरांनी फोन कानाशी घट्ट धरला आणि डोळे मिटले. चेंडू पडल्याचा आवाज आला. बोदा, एकच.

“आता चार पावलं पॅव्हेलियनकडे सरक,” ते म्हणाले. “पुन्हा सोड.”